इतके ग्रह कशाला? (मत मांडा, भांडा, पण मुद्द्यावर)

सातरस्ता:
गेल्या अमावास्येच्या शनिवारी वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो. दुर्बिणीतून शनी पाहिला. सुतासारखं बारीक कडं आणि बाजूला त्याच्या टायटन या चंद्राचा ठिपका. इतकं रेखीव, की आधी वाटलं काचेवर कोणीतरी स्टिकर चिकटवलाय. माझ्यामागे रांगेत एक काका होते. त्यांनी आधी चपला काढल्या, दवाने ओल्या गवतात अनवाणी उभे राहिले आणि मग दुर्बिणीला डोळा लावला. पाहून झाल्यावर हात जोडून मला म्हणाले, "आपल्याला सरळ करायला ठेवलाय ह्याला देवाने."

परतीच्या पहिल्या लोकलमध्ये तेच डोक्यात. बरं, शनी आपल्याला सरळ करायला. बाकीच्यांचं काय? सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परका ग्रह १९९५ साली सापडला, आता अशांची नोंद सहा हजारांच्या पुढे गेलीय. त्यातल्या एकाला २०१९ मध्ये भारताकडून नाव मिळालं: सन्तमस. त्याचा तारा बिभा. हे नाव बिभा चौधरींचं, म्हणजे होमी भाभांनी टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेत घेतलेल्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. हा सन्तमस गुरूपेक्षा जड, ताऱ्याला इतका चिकटलेला की दोन दिवसांत फेरी पूर्ण. नुसती भट्टी. तिथे ना कोणाची पत्रिका, ना कोणाची साडेसाती. सगळं माणसासाठी केलंय म्हणणाऱ्यांनी सांगावं, सन्तमस कोणासाठी? माझं मत: कोणासाठीच नाही. आहे म्हणून आहे.

परळची काकू:
सगळं माणसासाठी आहे असं आमच्यातलं कोण म्हणतं, ते आधी सांगा. मठात जयघोष होतो तो "अनंतकोटी ब्रह्मांडनायक" असा. कोटी, आणि तेही अनंत. तुमचे सहा हजार म्हणजे किस झाड की पत्ती. आणि तुमचा प्रश्न नवा नाही हो. आमच्याकडे मंगळवारी पाठ असतो, तिथे ब्रह्मसूत्रं चालू आहेत. त्यात हाच आक्षेप आहे, "न प्रयोजनवत्त्वात्". माणूस काही करतो ते हेतू धरून. देवाला काही हवंच नसेल तर तो जग कशाला करेल? लगेच पुढचं सूत्र, "लोकवत्तु लीलाकैवल्यम्". लीला आहे ती. चौपाटीवर पोर वाळूचा किल्ला करतं, त्याला प्रयोजन विचारता का? एका काकांचं वाक्य पकडून अख्ख्या धर्माला फैलावर घेऊ नका.

बांद्रा फास्ट:
लीला वगैरे जाऊ दे, सरळ उपयोग सांगतो. गुरू ही ढाल आहे. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, काही डाग तर पृथ्वीएवढे होते. ते आपल्यावर पडले असते तर हा धागा काढायला तुम्ही नसता. कोणी योगायोग म्हणेल, मी योजना म्हणतो.

सातरस्ता:
@बांद्रा फास्ट, ढालीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. लेक्सेलचा धूमकेतू बघा. १७६७ मध्ये गुरूच्या जवळून गेला आणि गुरूनेच त्याची कक्षा वाकवून त्याला आपल्या दिशेला लोटलं. १ जुलै १७७० ला तो पृथ्वीपासून साधारण २२ लाख किलोमीटरवरून गेला, म्हणजे चंद्राच्या सहापट अंतर. आकाशाच्या हिशोबात अंगाला घासून. पुढे १७७९ मध्ये गुरूनेच त्याला असा भिरकावला की पुन्हा दिसला नाही. सोसायटीचा वॉचमन आधी चोराला गेट उघडून देतो आणि मग हाकलतो. दिवाळी द्यायची का त्याला?

बांद्रा फास्ट:
हाकलला ना शेवटी? मग.

म्हसळेकर:
आमच्या नमाजात प्रत्येक रकातीला "रब्बिल आलमीन" येतं. आलमीन बहुवचन आहे, सगळ्या जगांचा पालनहार. म्हणजे दुसरी जगं निघाली तर आम्हाला धक्का नाही. पण परळच्या काकू, लीलेशी माझं जमणार नाही. आकाशं, जमीन आणि त्यांच्यामधलं काही आम्ही खेळ म्हणून केलं नाही, असं कुरआनात स्पष्ट आहे. म्हणजे हेतू आहे. तो मला कळलाच पाहिजे असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. अब्बा गोदीत होते. बंद पेटारे उतरवायचे, आत काय आणि कोणासाठी ते माहीत नसायचं. माल बिनकामाचा आहे असं म्हणून त्यांनी एकही पेटारा समुद्रात टाकला नाही.

परळची काकू:
पेटाऱ्याचं आवडलं. पटलं नाही.

वसईवाला:
आम्हा ख्रिस्ती लोकांपैकी काहींनी या विषयात माती खाल्लीय म्हणून सांगतो. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चार चंद्र दिसले. फ्लोरेन्सच्या सिझ्झी नावाच्या गृहस्थांनी त्यावर लिहिलं, की भटके ग्रह सातच असणार, कारण माणसाच्या डोक्याला भोकं सात. शिवाय हे चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पृथ्वीवर त्यांचा परिणाम नाही, म्हणून ते निरुपयोगी, आणि म्हणून ते नाहीतच! हसा खुशाल. पण १६७६ मध्ये रोमर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने त्याच चंद्रांपैकी आयोच्या ग्रहणांची वेळ मागेपुढे होते हे धरून दाखवलं की प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो. सातरस्तासाहेब, निरुपयोगी ठरवायची घाई सिझ्झीने केली, तीच तुम्ही करताय. फक्त तुमच्या हातात दुर्बीण आहे.

सातरस्ता:
फरक आहे. सिझ्झी म्हणाला, उपयोग नाही म्हणून वस्तू नाही. मी म्हणतोय, वस्तू आहे, उपयोगाचा प्रश्नच लागू नाही. बाकी सात भोकांवरून ऑफिसात दिवसभर हसू येत होतं.

चैत्यभूमीमागे:
बुद्धांना मालुंक्यपुत्त नावाच्या शिष्याने विचारलं होतं, जग अनंत आहे की त्याला अंत आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याचं कूळ, गाव, उंची विचारत बसला तर उत्तर मिळायच्या आत मरेल, एवढंच म्हणाले. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत बाण कुठे आहे? आमच्या वाडीत एक बाई घरकाम करतात. मुलाला नोकरी लागत नव्हती, कोणीतरी साडेसाती सांगितली. शांतीसाठी त्यांनी कानातले वेल गहाण टाकले. आता कानात झाडूची काडी घालतात, भोक बुजू नये म्हणून. शनीचं प्रयोजन त्यांना विचारा.

परळची काकू:
ते चूकच आहे आणि ते आमच्या नावावर खपवतात याचाच मला जास्त राग येतो. यावर मी वाद घालणार नाही.

पोटमाळा:
सगळे प्रतिसाद वाचले. तुम्ही मुंबईकर आहात एवढंच त्यातून सिद्ध होतं. मोकळी जागा दिसली की आपल्या पोटात दुखतं. आम्ही १८० चौरस फुटांत सात जण वाढलो. माळ्यावर झोपणाऱ्याचं नाक छताला लागायचं. असं डोकं घेऊन आकाशाकडे बघितलं की पहिला प्रश्न हाच येणार, एवढी जागा रिकामी ठेवलीय, करतात काय तिथे? बोरिवलीच्या नॅशनल पार्काबद्दल माझा मेहुणा हेच विचारतो. १०४ चौरस किलोमीटर आणि राहतं कोण, तर बिबटे. बिबट्याला कधी वाटलं नसेल आपलं प्रयोजन काय म्हणून. सन्तमसचंही तसंच समजा. देव मानणाऱ्यांनी देवाची जागा समजा, न मानणाऱ्यांनी कोणाचीच नाही. आपल्या नावावर सातबारा नाही, यावर तरी एकमत करा.

बांद्रा फास्ट:
मेहुणा बिल्डर आहे का?

पोटमाळा:
ब्रोकर.

सातरस्ता:
सातबारा मान्य. लेक्सेलचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही, नोंद असावी. पुढच्या अमावास्येला पुन्हा वांगणी. जवळचा शनिवार धरलाय, संध्याकाळची कर्जत लोकल. काकू, येताय का?

परळची काकू:
येईन. पण शनिवार नको, संध्याकाळी मारुतीला तेल वाहायचं असतं. शुक्रवार ठेवा. आणि तिथे बसायला खुर्ची मिळते का ते सांगा, माझे गुडघे दुखतात.