उत्तर: पावतीवरचा आकडा म्हणजे खर्च नाही

एका दादांनी 2016 ची आणि आताची घरच्या गॅस सिलेंडरची पावती लावून खर्च किती वाढला याची तुलना केली, पण त्यात सबसिडी सुटली नं. 2015 पासून आपण पूर्ण पैसे देत होतो आणि सबसिडी मागून बँकेत यायची, म्हणजे तेव्हाचा खरा खर्च पावतीपेक्षा कमीच होता. 2020 मध्ये बहुतेकांची ती बंद झाली, अन् मग भाव चढत गेला, दिल्लीत 1103 रुपये झाला, ऑगस्ट 2023 ला 200 उतरला, मार्च 2024 ला अजून 100, एप्रिल 2025 ला परत 50 वाढला. आपल्या नागपुरात दिल्लीपेक्षा जास्तच लागतात.

माझी आई सिलेंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहायची, मी पण लिहिते. मे महिन्यात तो आरामात टिकतो, डिसेंबरात आंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं की आठवडाभर आधीच संपून राहते. तर नुसता भाव नका पाहू, दिवस पण मोजा.

आणि पाइपच्या गॅसशी तुलना करायची तर 14.2 किलोचा सिलेंडर म्हणजे उष्णतेच्या हिशोबाने साधारण 17-18 घनमीटर पाइपचा गॅस, पाइपच्या गॅसचा एका घनमीटरचा भाव त्याने गुणून पहा.