उघड्या काँक्रीटचं घर आणि ‘गिलावा कधी करणार?’

माळरान:
वाई तालुक्यात आमचं घर बांधून झालं. बाहेरच्या भिंती, जिना, छत सगळं उघड्या काँक्रीटचं आहे. वर गिलावा नाही, रंग नाही. बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "गिलावा कधी करणार?" मग आवाज खाली आणून, "पैसे कमी पडले का?" चुलतसासरे उंबऱ्यातूनच म्हणाले, पाण्याची टाकी बांधलीत. नणंद म्हणाली, वास्तुशांतीला पाहुणे काय म्हणतील.

पैसे कमी पडले असते तर विटा लावून गिलावा केला असता. उघड्या काँक्रीटमध्ये चूक झाकता येत नाही, म्हणून सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, नवी प्लाय लागते, सांधे रेषेत जुळवावे लागतात, ओलं काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही तर हनीकोंब, म्हणजे पोकळ जाळी, कायमची दिसत राहते. विजेचा प्रत्येक पाइप काँक्रीट ओतायच्या आधी जागेवर हवा, कारण नंतर झिरी मारता येत नाही. आमच्या गवंड्यांनी एरवी जे गिलाव्याखाली जातं ते काम इथे सगळ्यांसमोर केलं आहे. भिंतीवर प्लायच्या शिरांचे ठसे उमटलेत. मला ते फार आवडतात.

दिसण्यावरच्या शेऱ्यांना उत्तरं देत बसू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. राहण्यावर मात्र कुणीही बोललं तर बसून ऐकावं. सासूबाईंनी नकाशा बघून पहिल्यांदा विचारलं होतं, "खिळा कुठे ठोकायचा?" कॅलेंडर, देवाची तसबीर, पिशव्या यांचं काय? आर्किटेक्टच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मग प्रत्येक खोलीत भिंत ओततानाच सागवानी पट्टी बसवून घेतली. नकाशावरची सगळ्यात उपयोगाची सूचना तीच होती. तुमचा अनुभव काय?

चिरेखाण:
माझा विरोध दिसण्याला नाही, म्हणून ऐका. मी रत्नागिरीचा. गिलावा शोभेपुरता असतो हा समजच चुकीचा आहे. काँक्रीट अल्कधर्मी असतं तोवर आतले गज गंजत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि ती अल्कता कमी करत जातो. तो गजापर्यंत पोचला की गंज धरतो, गज फुगतो आणि वरचा थर फोडून बाहेर येतो. खाऱ्या हवेत क्लोराइड हेच काम कितीतरी लवकर करतं. चांगला गिलावा आणि रंग या प्रवासाला उशीर लावतात. तुम्ही ते चिलखतच काढून टाकलंत.

पणजीची कला अकादमी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. कारणांवर वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण काँक्रीटला म्हातारपण येतं, आणि तेव्हा खर्च कोण करणार हे बांधतानाच ठरवायला हवं. जांभ्याच्या घरात एक चिरा खराब झाला तर तेवढा बदलता येतो. तुमच्या भिंतीला ठिगळ लावलं तर ते जन्मभर दिसेल.

सांधा:
साइट इंजिनिअर म्हणून लिहितो. चिरेखाण यांचं विज्ञान बरोबर आहे, निष्कर्ष नाही. गजाला खरं संरक्षण त्यावरच्या काँक्रीटच्या थराचं, म्हणजे कव्हरचं असतं, गिलाव्याचं नव्हे. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, सौम्य हवामानाला किमान २० मिमी कव्हर आणि एम २० ताकदीचं काँक्रीट सांगितलंय. तीव्र परिस्थितीला ४५ मिमी आणि एम ३०. आपल्याकडे घरं सडतात कारण गजाखाली कव्हर ब्लॉकऐवजी (गज साच्यापासून दूर धरणाऱ्या ठोकळ्याऐवजी) खडीचा तुकडा सरकवतात, तो ओतताना हलतो आणि गज प्लायला टेकतो. वर गिलावा असल्यामुळे हे कुणाला कळतही नाही.

समुद्राचंच म्हणाल तर पुद्दुचेरीत अरविंद आश्रमाचं गोलकोंद वसतिगृह आहे. आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड, काम १९३०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. उघडं काँक्रीट, समुद्र जवळ, आजही वापरात.

चिरेखाण:
गोलकोंद आश्रमवासी निष्ठेने जपतात. एका कुटुंबाला, मुलं पुण्याला किंवा परदेशात गेल्यावर, ते जमेल का? माझा प्रश्न तिथेच उभा आहे.

ओसरी:
मला काँक्रीटपेक्षा मूळ विधान खटकलं. "दिसण्यावरच्या शेऱ्यांना उत्तर देऊ नये." का म्हणून? आतल्या खोल्या तुमच्या, पण घराचं तोंड गल्लीचं असतं. ते रोज बघणार शेजारी. वाईच्या जुन्या वाड्यांना निदान ओटा असतो, जाणारा-येणारा टेकतो. तुमच्या घराला रस्त्याकडे काय आहे, ते तुम्ही लिहिलंच नाही.

माळरान:
रस्त्याकडे सलग भिंत आहे. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर याच रस्त्याने जातात, म्हणून खिडक्या आणि अंगण मागे, डोंगराकडे घेतलं. गल्लीकडे पाठ फिरवायची म्हणून नाही.

ओसरी:
कारण पटलं, तरी परिणाम तोच. पायथ्याशी दोन फुटांचा कट्टा ओतायला ट्रॉल्यांची काय आडकाठी होती? आणि "टाकीसारखं" हे चुलतसासऱ्यांनी कदाचित याच भिंतीकडे बघून म्हटलं असेल. टाकीला दार-खिडकी नसते. तुम्ही तो शेरा दिसण्याच्या खात्यात टाकलात, मला तो राहण्याबद्दलचा वाटतो.

वाडेकर_नाशिक:
मुळात हे आपलं नाही. युरोपातल्या थंडीत जन्मलेली शैली इथे आणायची आणि गावाने कौतुक करावं म्हणायचं. आधुनिकच हवं तर पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था बघा. कोरियांचीच, पण भिंती आपल्या काळ्या दगडाच्या.

सांधा:
आयुका मलाही प्रिय आहे. पण "आपलं नाही" हे मान्य नाही. आर्किटेक्ट अच्युत कानविंदे मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे. मुंबईच्या जेजेत शिकले, हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेच्या ग्रोपियसच्या हाताखाली शिकले आणि आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला, वीट आणि काँक्रीट दोन्ही उघडं ठेवून. वास्तुकलेचं प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले. आपल्याच माणसांनी आयुष्य वेचलेलं काम किती पिढ्या परकं म्हणायचं?

वाडेकर_नाशिक:
ती संस्थांची कामं झाली. घरात आजी-आजोबा राहतात. एप्रिलमध्ये रात्री त्या छताखाली झोपून दाखवा.

माळरान:
उन्हाचा मुद्दा खरा आहे. काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता रात्री आत सोडतं. तेच छत गिलावा केलेल्या घरातही असतं, हेही लक्षात घ्या. दोशींनी अहमदाबादेत संगाथ या आपल्या स्टुडिओच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले, ऊन परतवण्यासाठी. आर्किटेक्ट कॉर्ब्युझिएच्या तिथल्याच शोधन व्हिलाला वर छत्रीसारखं वेगळं छप्पर आहे, मधून वारा वाहतो. आम्ही पहिला उपाय घेतला. शिवाय पश्चिमेला एकही खिडकी नाही. सासूबाई वरच्या खोलीत झोपतात आणि तक्रार असती तर त्यांनी ती मनात ठेवली नसती.

ओसरी:
आणखी एक, कुणी बोललं नाही म्हणून. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास आहे. वीट किंवा दगड चालला असता तिथे भिंत ओतणं ही फक्त आवडीची बाब राहत नाही.

माळरान:
या मुद्द्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट वापरलं, घर गरजेपुरतं लहान ठेवलं. गिलावा आणि दर काही वर्षांनी लागणारा रंग वाचला, पण त्याने हिशेब फिटत नाही हे मला कळतं.

पायाभरणी:
आमचं काम दिवाळीनंतर सुरू होईल, साताऱ्यातच. वडिलांचा कडक विरोध आहे. "लोक हसतील" यापलीकडे ते बोलत नाहीत. काय करू?

माळरान:
चित्रं दाखवू नका. प्लॉटच्या कोपऱ्यात त्याच प्लायने, त्याच काँक्रीटची कमरेएवढी नमुना भिंत ओता. आम्ही ओतली होती. गवंड्यांचा हात बसतो, रंग नक्की कसा येतो ते कळतं. आणि वडिलांना हात लावून बोलायला काहीतरी मिळतं. आमच्याकडे त्या भिंतीसमोर "कसं दिसेल" हे बोलणं थांबलं आणि "पाणी कुठून ओघळेल" हे सुरू झालं. त्यातूनच छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आली. आणि वडिलांना विचारा की लोक हसतील ते नक्की कशाला. ओसरी यांचं वाचून मीही चुलतसासऱ्यांना हे विचारणार आहे. कट्ट्याला अजून जागा आहे.

चिरेखाण:
नमुना भिंतीची कल्पना चांगली, फक्त ती दिवाळीनंतर नको, पावसाच्या आधी ओता आणि निम्म्या भागावर सिलेन-सिलॉक्सेनचा, म्हणजे पाणी आत मुरू न देणाऱ्या रसायनाचा, हात मारा, निम्मा तसाच ठेवा. शेवाळ आधी उत्तरेच्या अंगाला धरतं, म्हणून भिंतीचं एक तोंड उत्तरेला असू द्या. सप्टेंबरात ते बघून वडिलांनी नाही म्हटलं, तर मग नाहीच करायचं, हे आधी कबूल करा. नाहीतर विचारू नका.