पाणी नऊ दिवसांनी, कोरडा दिवस सात दिवसांनी: आरोग्य आराखड्यावर हरकत घ्यायची की नाही?

मांजराकाठ: आमच्या नगरपरिषदेनं शहराच्या आरोग्य आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्यात. मुदत सात दिवस, सभा गुरुवारी सकाळी अकराला. नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर, डेंग्यूच्या पोस्टरखाली अर्धी झाकलेली. मी मसुदा मागून वाचला, २२ पानं. पान ९ : 'नागरिकांनी आठवड्यातून एकदा सर्व पाणीसाठे रिकामे करून कोरडा दिवस पाळावा, अन्यथा दंड.' आमच्या गल्लीत नळ नऊ दिवसांनी येतो, तोही आला तर. घरात दोन रांजण, एक निळा ड्रम, अंगणात हौद. सातव्या दिवशी ओतून दिलं तर पुढचे दोन दिवस प्यायचं काय? ज्यानं लिहिलं त्याच्या घरी बोअर असणार. मसुदा मागं घ्या आणि प्रभागाप्रभागात बसून लिहा, एवढंच म्हणणं.

निवृत्त_फवारणी: मी हिवताप विभागात २७ वर्षं काढली. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस, म्हणून आठवडा. प्रभागसभेत हात वर करून हे बदलत नाही. आणि नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, काथ्यानं घासावं लागतं. लोकांना विचाराल तर लोक मागणार धुराची गाडी. धुरानं उडता डास मरतो, हौदातली अळी मजेत. पण गाडीचा आवाज होतो, त्यामुळं नगरसेवकही खूश.

मांजराकाठ: गाडीचं शंभर टक्के मान्य, साहेब. पण घासायलाही पाणीच लागतं ना? मग नळ किती दिवसांनी सोडणार, हेही आराखड्यात लिहून द्या.

बाजारतळ: उगं काहीबी. नगरपरिषदेनं 'चार दिवसाआड पाणी देऊ' असं लिहून दिलं अन् धरण आटलं, मग? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, विसरलात का? आरोग्याच्या कागदात पाणी घुसडलं की दोन्ही कामं बोंबलतेत.

मांजराकाठ: घुसडायचं कशाला? ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा पाचवा, सार्वजनिक आरोग्य सहावं. घटनेनंच शेजारी बसवलंय.

धाराशिवकर: २००७ ला राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत आमचा होता. जनसुनवाईला मी गेलेय. बाया उभ्या राहून विचारायच्या, गोळ्या बाहेरून का आणायला लावता? समोर डॉक्टर, अधिकारी. सगळं सुटलं असं नाही, काही जणी तर पुढच्या वेळी आल्याच नाहीत. पण त्या दिवशी उत्तर द्यावं लागायचं. सूचना पेटीत कागद टाकून ते होत नाही.

शहरातली_आशा: रांजणात टॉर्च मारून अळ्या बघायचं काम आमचंच आहे, म्हणून लिहितेय. टेमिफॉस, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकायला गेलं की बाई आडवी येते, 'ताई, पाण्याला वास येतो, नका टाकू.' मग हौदात गप्पी मासे सोडते आणि रांजणाच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधायला लावते, दुहेरी, सुतळीनं आवळून. एवढं लोक ऐकतेत. २२ पानांत फडक्याचा उल्लेखच नाही.
आणि सभा दिवाळीनंतर ठेवली कुणी? आमच्या वस्तीतले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, आता कारखान्यावर, घरी म्हाताऱ्या आणि शाळेची लेकरं. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ ला किती गाजलं. त्या बायांना विचारायचंय का नाही? एप्रिलात टोळ्या परत आल्यावर घ्या सभा.

निवृत्त_फवारणी: ताई, फडकं घट्ट असेल तर चालतं, मी स्वतः बांधून घेतलेत. पण एप्रिलात सभा म्हणजे कागद जूनला मंजूर. तवर पाऊस पडला, टायरं भरली. मसुदा मागं घ्या याला माझा विरोधच आहे. पान ९ वरचा दंड काढा अन् तिथं फडकं, मासे घाला, एवढी एकच हरकत द्या. मी सही करतो.

मांजराकाठ: बरं, मागं घ्या हे सोडतो. पण हरकती दोन. एक तुमची, पान ९ ची. दुसरी माझी: आराखडा आत्ता मंजूर करा, एप्रिलात वस्तीवर दुसरी सभा घ्या आणि तिथं निघेल ते त्यात जोडा. उद्या दुपारी आवक-जावकला देतोय, कोण कोण येतंय?

बाजारतळ: पोच देत नाहीत ते.

शहरातली_आशा: देतेत. झेरॉक्स न्या, त्यावर शिक्का मागा. मी दोननंतर मोकळी आहे.