मदत हवी आहे : जपानी जोडीदाराच्या देशात कायमचं जायचंय, उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा?

नमस्कार मंडळी. लग्न नाशिकलाच विशेष विवाह कायद्याने (३० दिवसांची नोटीस देऊन) झालंय. नवरा जपानी, पण सध्या दोघंही इथेच राहतो. जपानच्या कोसेकीत, म्हणजे त्यांच्या कुटुंब-नोंदवहीत, लग्नाची नोंद झाली आहे. ती परदेशातल्या लग्नानंतर ३ महिन्यांत करायची असते, हे नवीन जोडप्यांनी विसरू नका.

आता 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी'साठी, म्हणजे व्हिसाआधी जपानच्या इमिग्रेशनकडून मिळणाऱ्या पात्रता-दाखल्यासाठी, अर्ज करायचा आहे. दोघंही भारतात असल्याने सासरे तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात आमच्या वतीने तो भरतील. अडतंय ते एकाच कागदावर: नवऱ्याच्या नावाचा जपानी कर-दाखला. तिथे उत्पन्नच नाही, तर दाखला निघणार कुठून? सासऱ्यांचं हमीपत्र व कर-दाखला, नवऱ्याचं बँक खातं आणि तिकडच्या नोकरीचं ऑफर लेटर एवढ्यावर कुणाचं काम झालंय का? बँकेत साधारण किती शिल्लक दाखवली?

जपानी दाखले ३ महिन्यांच्या आतलेच लागतात आणि सर्टिफिकेट मिळाल्यावरही ३ महिन्यांत जपानमध्ये पोचावं लागतं. म्हणून आधी मागवून ठेवायची सोय नाही.

दुसरं, नावाचं. जपानीत 'व' नीट बसत नाही, त्यामुळे कोसेकीत माझ्या 'वैशाली'चं 'बाइशारी' झालंय. विवाह दाखल्याच्या भाषांतरातही तेच स्पेलिंग ठेवायचं ना?

नाशिकमध्ये जपानी भाषांतर करणारं कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. पुण्यातलंही चालेल.