मीटरचा आकडा फिल्मला पुरत नाही

चर्चच्या आतल्या अंधुक उजेडात फोटो काढायला ट्रायपॉड हवाच, हे मान्य. पण ‘प्रकाश मोजणारा मीटर ३० सेकंद म्हणतो ना, मग ३० सेकंदच द्या’ हा सल्ला डिजिटलला ठीक, फिल्मला नाही. लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये (फिल्मवर प्रकाश पडू देण्याच्या वेळात) फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. इल्फर्ड कंपनीच्या सूत्रानुसार तिच्या एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी मीटरने सांगितलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा: १० चे १८ होतात, ३० चे जवळजवळ ७३! फुजीच्या अ‍ॅक्रॉस या कृष्णधवल फिल्मला मात्र २ मिनिटांपर्यंत भरपाई लागत नाही. चर्चच्या आतल्या कामाला मी तीच सुचवेन.

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये दुसरा घोळ होतो. भिंती पांढऱ्या, वेदीमागचं सोनेरी कोरीवकाम अंधारात. सरासरी मीटरिंग भिंतींना भुलतं आणि कोरीवकाम काळं ठिक्कर येतं. स्पॉट मीटरने (छोट्याशा भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या मीटरने) नक्षीच्या खाचा मोजा, त्याहून दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्सा प्रकाश धरा आणि एफपी४ असेल तर मगच १.२६ चा घात लावा. या भरपाईने खिडक्या जास्त जळतात, म्हणजे पांढऱ्याफट्ट येतात, कारण उजळ भागात फिल्मची घट कमी असते. म्हणून डेव्हलपिंगचा वेळ १५ ते २० टक्के कमी ठेवा. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढा.