मदत हवी आहे: सीजीएचा तपकिरी रंग मळकट पिवळा दिसतोय

नमस्कार मंडळी. जुन्या आयबीएम एक्सटी संगणकातलं सीजीए (16 रंगांचं जुनं ग्राफिक्स) कार्ड व्हीजीए कन्व्हर्टर बोर्डामार्फत एलसीडीवर लावलंय. कार्डाचे टीटीएल (5 व्होल्टचे चालू-बंद) सिग्नल 0.7 व्होल्टवर आणायला पिन 3, 4, 5 म्हणजे लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी 470 ओहमचा रेझिस्टर. पिन 6 वरच्या इंटेन्सिटीपासून (रंग उजळ करणारा सिग्नल) तिन्ही रंगांना 1-1 किलोओहम. कन्व्हर्टरच्या इनपुटला 75 ओहम आहेतच. चित्र स्थिर, 15 रंग बरोबर. फक्त रंग क्रमांक 6, म्हणजे तपकिरी, पिवळा.

कारण माहीत आहे: कार्ड लाल आणि हिरवा सारखेच पाठवतं, हिरवा निम्मा करायचं काम आयबीएमचा मूळ मॉनिटर करायचा. (ओळीत 80 अक्षरांच्या, म्हणजे 80 कॉलम मोडमध्ये अक्षरांवर पडणारा 'स्नो', म्हणजे चमकणारे ठिपके, वेगळा, तो कार्डाच्या मेमरीचा दोष, त्यावर उपाय नकोय.)

दोन मार्ग दिसतात. 74एलएस04 (नॉट गेट) आणि 74एलएस20 (चार इनपुटचं नँड गेट) या चिपांनी रंग 6 ओळखायचा, मग बीसी547 ट्रान्झिस्टरने हिरव्या लाइनला 62 ओहममधून ग्राउंड द्यायचं. पण 80 कॉलममध्ये एक ठिपका जेमतेम 70 नॅनोसेकंदांचा. सॅच्युरेट (पूर्ण चालू) झालेला ट्रान्झिस्टर तेवढ्यात बंद होईल? की तपकिरी अक्षराच्या उजव्या कडेला डाग राहील?

दुसरा: हिरव्याचे 470 काढून 1-1 किलोओहमचे दोन, एक थेट, दुसरा 74एलएस08 (अँड गेट) मधून, रंग 6 ला बंद. इथे गेटच्या विलंबाने कडा फाटतील का? बाकीचे सिग्नलही गेटमधून न्यावेत का?

कुणी केलंय? आणि नाशिकमध्ये, एम. जी. रोड किंवा अंबडकडे, 74एलएस20 सुटा कुठे मिळेल?