'मिक्स' हा एकच शब्द सगळीकडे का?

राजवाड्याची मावशी: इंदूरच्या आपल्या घरांत मराठी टिकून आहे, पण स्वयंपाकघरातली क्रियापदं भराभर चालली आहेत. भाचीला म्हटलं, 'दहीभात कालव.' ती म्हणाली, 'म्हणजे मिक्स करू ना?' अहो, भात कालवतात, कणीक मळतात, ताक घुसळतात, अंडं फेटतात, वरण घोटतात, औषध खलतात. प्रत्येक वेळी हात वेगळा चालतो. 'मिक्स' म्हटलं की बोटांनी, रवीनं की बत्त्यानं, काही कळत नाही. घरात तरी हा शब्द नको.

सिव्हिलवाला, विजयनगर: साफ असहमत. 'मिक्स' मोघम आहे असं कोण म्हणतं? काँक्रीटची एम-२० नावाची प्रत असते, तिच्यातला 'एम' म्हणजे मिक्सच. २० म्हणजे २८ दिवसांनंतरची ताकद, प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन. ढोबळ प्रमाण १ : १.५ : ३, म्हणजे सिमेंट, वाळू, गिट्टी. इतकं सगळं एका शब्दात येतं. 'कालवण्या'त बसवून दाखवा.

मावशी: साइटवर खुशाल वापरा. मी घराबद्दल बोलतेय.

ध्वनिमुद्रणवाला: माझाही विरोध, पण कारण वेगळं. आमच्याकडे मिक्सिंग म्हणजे एकजीव करणं नव्हेच. प्रत्येक ट्रॅकची पातळी ठरवायची, एखादं वाद्य डावीकडे, एखादं उजवीकडे ठेवायचं, तबल्याखाली आवाज दबू द्यायचा नाही. सगळं एकत्र वाजतं आणि तरी वेगवेगळं ऐकू येतं. यासाठी घोटणं, कालवणं दोन्ही चुकीचं. तिथे 'मिक्स'च हवा.

सराफा रात्री ११: मी मावशींच्या बाजूनं. धंद्यातली संज्ञा राहू द्या, पण 'तो लोकांत पटकन मिक्स होतो' कशाला? 'मिसळतो' हे दुधातल्या पाण्यालाही चालतं आणि माणसांनाही. तारखांची गल्लत होते, भावना संमिश्र असतात. बॅडमिंटनची मिश्र दुहेरी १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये आली, मराठी वृत्तपत्रं तिला 'मिश्र दुहेरी'च म्हणतात, कोणाचं अडलं नाही. गाण्यात मिश्र खमाज आहे, मिश्र पिलू आहे, सात मात्रांची मिश्र जाती आहे. शिवाय 'मिश्र' आणि 'मिक्स' मुळात एकाच भाषाकुळातले.

सिव्हिलवाला: एकाच कुळातले असतील तर परका कसा? आणि आपण इंदूरवाले 'गिट्टी' म्हणतो, पुण्यात 'खडी'. हिंदीतून घेतलेला शब्द चालतो, मग इंग्रजीवरच राग का?

मावशी: राग इंग्रजीवर नाही. 'गिट्टी' आली तेव्हा एक 'खडी' मागे पडली. 'मिक्स' आल्यावर सहा क्रियापदं एकदम जातात.

सिव्हिलवाला: तरी पटत नाही. माझ्या घरात रवी नाही, बत्ता नाही. मिक्सरचं बटण दाबलं की ताक होतं. मुलीनं त्याला 'घुसळणं' म्हणावं, असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?